व्हिडिओ भूमिकाखेळांतील दोष

संगणकावर अथवा कन्सोल या घरगुती खेळयंत्रावर खेळावयाच्या विस्तृत भूमिकाखेळांत आज्ञावलीच्या चुकांमुळे उद्भवणारे बिघाड. भूमिकाखेळात खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राचे सामर्थ्य, कौशल्ये व संपत्ती क्रमाक्रमाने वाढवीत नेतो आणि पन्नास, शंभर किंवा त्याहूनही अधिक तास चालणाऱ्या कथेत स्वतःच्या निवडीने वाट काढतो. अशा खेळाच्या आज्ञावलीतील चुकीस ‘बग’ म्हणजे किडा, आणि चालू खेळ अकस्मात बंद पडण्यास ‘क्रॅश’ असे म्हणतात. बग हा शब्द संगणकापेक्षा जुना आहे. टॉमस एडिसन याने १८७८ मध्येच यंत्रातील बारीकसारीक अडचणींसाठी तो एका पत्रात योजला होता. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या गणकयंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग सापडला व तो नोंदवहीत चिकटविण्यात आला. शब्दाचा उगम म्हणून ही हकीकत वारंवार सांगण्यात येते; तथापि ‘खराखुरा किडा सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग’ अशा आशयाच्या त्या नोंदीतील विनोदावरूनच तो शब्द आधीपासून रूढ होता, हे उघड होते.

स्वरूप : व्हिडिओ खेळाच्या कोणत्याही प्रकारात चुका राहू शकतात, परंतु भूमिकाखेळांत त्या विशेष दाट आढळतात. याचे कारण निर्मात्यांच्या निष्काळजीपणापेक्षा या खेळप्रकाराच्या घडणीत अधिक आहे. शर्यतीच्या खेळात एक फेरी संपली की मागचे सर्व पुसले जाते आणि पुढची फेरी कोऱ्या पाटीवर सुरू होते. भूमिकाखेळ मात्र काही विसरत नाही. खेळाडूने कोणाला वचन दिले, कोणते दार उघडले, कोणत्या पात्राचा वध केला, टेबलावरील वाडगा कोठे नेऊन ठेवला, या सर्वांची नोंद त्याला ठेवावी लागते, कारण शंभराव्या तासाला त्यांपैकी कशाची गरज पडेल हे आधी सांगता येत नाही. ही सर्व स्थिती जतन-नोंदीत, म्हणजे खेळाडूंच्या बोलीत ‘सेव्ह’मध्ये, साठविलेली असते.

केवळ होय-नाही अशा स्वरूपाचे १० निर्णय असले, तर संभाव्य स्थिती १,०२४ होतात; २० निर्णयांच्या १०,४८,५७६ आणि ३० निर्णयांच्या १०७ कोटींहून अधिक. मोठ्या भूमिकाखेळात असे निर्णय शेकड्यांनी मोजावे लागतात. त्या सर्व वाटा परीक्षकांना प्रत्यक्ष चालून पाहणे शक्य नसते. ज्या सावकाराकडून किल्ली मिळवावयाची, त्यालाच खेळाडूने कामगिरी मिळण्यापूर्वी ठार केले, तर पुढील दार कधीच उघडत नाही आणि कथा तेथेच अडून राहते. असा दोष क्रॅशपेक्षा वाईट मानला पाहिजे. क्रॅश निदान तत्काळ कळतो. अडून राहिलेली कामगिरी मात्र खेळाडूच्या ध्यानी येईपर्यंत वीस-तीस तास उलटून गेलेले असतात आणि दोषापूर्वीची जतन-नोंद बहुधा पुसली गेलेली असते.

कार्ट्रिजचा काळ : १९८० च्या व १९९० च्या दशकांतील कन्सोलवर खेळ कार्ट्रिजमध्ये कायमचा कोरलेला असे. एकदा कारखान्यातून बाहेर पडलेली चूक पुन्हा दुरुस्त करता येत नसे. छापील ग्रंथाला निदान शुद्धिपत्र जोडता येते. कार्ट्रिजला तीही सोय नव्हती. जपानमधील स्क्वेअर या संस्थेचा फायनल फँटसी (१९८७) हा खेळ याचे ठळक उदाहरण होय. त्याची आज्ञावली नासिर जेबेली या इराणी-अमेरिकन तज्ञाने लिहिली. अत्यल्प स्मृतीच्या यंत्रावर तिने साधलेला वेग आजही वाखाणला जातो. पण त्यात ‘बुद्धी’ या गुणाचा मंत्रांच्या प्रभावाशी काहीच संबंध जोडला गेला नव्हता. शस्त्राने मर्मी घाव बसण्याची शक्यता त्या शस्त्रासाठी ठरविलेल्या अंकावरून न काढता यादीतील त्याच्या अनुक्रमांकावरून काढली जाई, तर शस्त्रबळ वाढविणारे काही मंत्र उच्चारले जात, पण परिणामशून्य ठरत. लक्षावधी खेळाडूंनी आपल्या मांत्रिकाची बुद्धी वाढताना समाधानाने पाहिली आणि ती निरर्थक असल्याचे त्यांपैकी बहुतेकांना कधी कळलेही नाही. त्याच मालिकेतील सहाव्या खेळात (१९९४) घाव चुकविण्याची क्षमता दर्शविणारा अंक असाच निरुपयोगी होता. शारीरिक घाव चुकविण्याचे कामही मंत्र चुकविण्याच्या अंकावरच चाले. हे दोष मूक स्वरूपाचे होते. खेळ बंद पडत नसे, चित्र बिघडत नसे. फक्त पडद्यावरील आकडा आणि आतील हिशेब यांचा मेळ नसे.

याउलट अतिशय गाजलेला दोष म्हणजे ‘मिसिंगनो’. गेम फ्रीक या जपानी संस्थेचा पोकेमॉन हा खेळ निंटेंडोच्या गेम बॉय या हातात धरण्याच्या यंत्रासाठी १९९६ मध्ये जपानमध्ये व १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. या यंत्राची कार्यस्मृती अवघी ८ किलोबाइट असल्याने तिच्यातील एकच जागा निरनिराळ्या कामांसाठी आलटून पालटून वापरावी लागे. एक वृद्ध पात्र खेळाडूस प्राणी पकडण्याचे प्रात्यक्षिक दाखविते. त्या वेळी पडद्यावर वृद्धाचे नाव यावे, म्हणून खेळाडूचे नाव तात्पुरते दुसरीकडे हलविले जाते आणि जेथे त्या प्रदेशातील रानटी प्राण्यांची यादी राहते, तेथे ते ठेवले जाते. एरवी नवीन प्रदेशात शिरताच तेथील यादी त्यावर चढते. परंतु सिनाबार बेटाच्या पूर्व किनाऱ्याच्या पट्ट्याला स्वतःची यादीच दिलेली नव्हती. तेथे पोहताना खेळाडूच्या नावातील अक्षरेच प्राण्यांचे क्रमांक म्हणून वाचली जात आणि ज्या क्रमांकाचा प्राणी अस्तित्वात नाही, असा एक अस्ताव्यस्त ठिपक्यांचा आकार समोर येई. ‘गहाळ क्रमांक’ या अर्थाचे त्याचे नाव निर्मात्यांनी रिकाम्या जागांसाठी योजलेले होते. त्याच्याशी गाठ पडली, की खेळाडूच्या पिशवीतील सहाव्या वस्तूच्या संख्येत १२८ ची भर पडे. मात्र विजेत्यांच्या दालनातील चित्रांची नासाडी होई. शाळकरी मुलांनी हे ज्ञान तोंडोतोंडी पसरविले. स्मृतीची काटकसर, एक विसरलेली यादी आणि एक किनारा यांच्या योगायोगातून जन्मलेला हा प्राणी पुढे निर्मात्यांनी मुद्दाम रेखाटलेल्या अनेक प्राण्यांपेक्षा अधिक प्रसिद्ध झाला.

संगणकावरील विस्तार : वैयक्तिक संगणकावरील खेळांना चकतीवरून दुरुस्ती पाठविणे शक्य होते. या दुरुस्तीस ‘पॅच’ म्हणजे ठिगळ असे नाव पडले. ठिगळाच्या भरवशावर अपुरा खेळ बाजारात आणण्याची सवयही येथूनच लागली. बेथेस्डा या अमेरिकन संस्थेचा डॅगरफॉल (१९९६) हा एल्डर स्क्रोल्स मालिकेतील दुसरा खेळ महत्त्वाकांक्षेच्या दृष्टीने अपूर्व होता. त्यातील हजारो गावे व भुयारे बव्हंशी गणिती सूत्रांनी निर्माण केलेली होती. मनुष्यहाताने इतका प्रदेश रचणे अशक्यच होते. पण सूत्राने रचलेले भुयार कोणी मनुष्याने पाहिलेले नसते. भिंतींच्या सांध्यांतून खेळाडू निसटून जगाबाहेरील काळ्या पोकळीत पडत असे आणि मुख्य कथा मूळ आवृत्तीत शेवटापर्यंत नेणे जवळजवळ अशक्य होते. एकामागून एक निघालेल्या पॅचनंतरच हा खेळ पूर्ण करण्याजोगा झाला.

संगणकांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. कन्सोल एकाच घडणीचे असतात. संगणक मात्र घरोघरी वेगळे. पूल ऑफ रेडियन्सच्या २००१ मधील उत्तरभागात दोष खेळापुरता मर्यादित राहिला नाही. मूळ आवृत्ती संगणकावरून काढून टाकू जाता ती संगणकाच्या कार्यप्रणालीच्या आवश्यक फाइलीही पुसू शके. पाहुण्याने जाताना यजमानाचे घरच उचलून न्यावे, तसा हा प्रकार होता.

ट्रॉइका या लहान संस्थेच्या व्हँपायर : द मॅस्करेड – ब्लडलाइन्स (२००४) या खेळाची कथा अधिक खेदजनक आहे. कथनाची व संवादांची त्याची गुणवत्ता पहिल्यापासून मान्य झाली होती. दुसऱ्या संस्थेने तयार केलेल्या, स्वतःच अद्याप पक्क्या न झालेल्या यंत्रणेवर तो उभारण्यात आला होता. कथेच्या उत्तरार्धात एका ठिकाणाहून निघताना खेळ बंद पडत असे आणि दुरुस्तीवाचून पुढे जाता येत नसे. खप बेताचा झाला आणि २००५ मध्ये संस्थाच बंद पडली. नंतरच्या दुरुस्तीचे काम जर्मनीतील एका रसायनशास्त्रज्ञाने हौसेने अंगावर घेतले व ते दोन दशकांहून अधिक काळ चालू राहिले. या अनधिकृत दुरुस्त्यांत मूळ फाइलींत सापडलेले पण निर्मात्यांनी गाळलेले प्रसंगही पुन्हा जोडलेले आहेत. त्यामुळे मूळ संहिता कोणती आणि प्रक्षिप्त भाग कोणता, असा पोथ्यांच्या संपादकांना परिचित असलेला प्रश्न येथेही उभा राहिला. दुरुस्तीची किमान व विस्तृत अशी दोन रूपे खेळाडूंना निवडीसाठी ठेवण्यात आली, हा त्यावरील समंजस तोडगा म्हणावा लागेल.

ऑनलाइन भूमिकाखेळांत हजारो खेळाडू एकाच जगात वावरत असल्याने एकाचा दोष सर्वांना भोवतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात १३ सप्टेंबर २००५ रोजी हक्कार नावाचा नवा प्रतिस्पर्धी आणण्यात आला. त्याचा रक्तदोषाचा शाप जवळच्या खेळाडूंना संसर्गाने लागे व तो त्या युद्धस्थानापुरताच राहावा, अशी योजना होती. पण खेळाडूंचे पाळीव प्राणी शाप अंगावर घेऊन परत पाठविले जात आणि शहरात पुन्हा बोलाविले, की तो तेथे पसरे. मोठ्या शहरांत मृत पात्रांचे ढीग पडले. विलगीकरणाचे प्रयत्न फसले आणि अखेर निर्मात्यांना सर्व्हर पुन्हा सुरू करून नियम बदलावे लागले. एरिक लॉफग्रेन व नीना फेफरमन यांनी २००७ मध्ये लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस या नियतकालिकात या घटनेचा साथरोगशास्त्रीय विचार मांडला. लोक साथीपासून पळतात, मदतीला धावतात किंवा केवळ कुतूहलाने जवळ जातात. हे वर्तन गणिती प्रतिमानांत सहसा येत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. खेळातील दोषाने दुसऱ्या शास्त्राला उपयोगी सामग्री पुरविल्याची अशी उदाहरणे विरळा.

एकच खेळ, अनेक यंत्रे : एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मोठे भूमिकाखेळ संगणक व दोन-तीन कन्सोल यांसाठी एकाच वेळी तयार होऊ लागले आणि दोषांचे स्वरूप यंत्रागणिक पालटू लागले. मॉरोविंड (२००२) हा खेळ मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर आला, तेव्हा त्या यंत्राची एकूण स्मृती ६४ मेगाबाइट होती. दीर्घकाळ खेळल्यावर तिच्यातील मोकळी जागा संपत येई. अशा वेळी ‘प्रतीक्षा करा’ हे चित्र पडद्यावर ठेवून त्याआड यंत्रच गुपचूप पुन्हा सुरू केले जाई, असे या मालिकेचे प्रमुख टॉड हॉवर्ड यांनी पुढे सांगितले. खेळाडूला फक्त थोडा अधिक वेळ थांबावे लागे. क्रॅश टाळता येत नसेल तर तो वेळापत्रकानुसार घडवून आणावा, ही युक्ती चातुर्याचीच म्हटली पाहिजे.

पुढील पिढीतील एक्सबॉक्स ३६० आणि सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ३ यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. दोहोंची एकूण स्मृती ५१२ मेगाबाइट. पण पहिल्यात ती सामाईक होती, तर दुसऱ्यात २५६ मेगाबाइट सर्वसाधारण कामासाठी व २५६ मेगाबाइट चित्रणासाठी अशी विभागलेली होती. एका घरात सामाईक कोठार असावे आणि दुसऱ्यात भिंत घालून दोन खोल्या कराव्यात. एका खोलीत जागा मोकळी असली तरी दुसरीत भरलेले धान्य सहज तिकडे नेता येऊ नये, असा हा फरक होय. शर्यतीच्या किंवा नेमबाजीच्या खेळात त्याचा जाच मर्यादित राही. ज्या खेळात हलविलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वाढत जाते, त्यात मात्र खेळाडू जितका अधिक खेळे तितका तो भिंतीच्या जवळ येई.

फॉलआउट : न्यू व्हेगस (२०१०) या खेळात हे प्रथम तीव्रतेने जाणवले. ऑब्सिडियन या संस्थेने तो सु. दीड वर्षात, बेथेस्डाच्या यंत्रणेवर तयार केला होता. जतन-नोंद फुगत जाऊन प्लेस्टेशनवरील खेळ मंदावे व गोठे. दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी पुढे स्पष्ट केले, की हा दोष यंत्रणेच्या मुळाशी असून वरवरच्या पॅचने तो जाण्यासारखा नव्हता. दोषांची किंमत संस्थेला वेगळ्या रीतीनेही मोजावी लागली. परीक्षणांच्या गुणांची सरासरी मेटाक्रिटिक या संकलनस्थळी ८५ झाल्यास निर्मात्यांना वाढीव मोबदला मिळावयाचा होता. ती ८४ वर थांबली. परीक्षकांच्या लेखणीतील एका गुणाने लेखक, चित्रकार व आज्ञावलीकार या सर्वांचा वाटा गेला, आणि त्या परीक्षणांत तांत्रिक दोषांचा उल्लेख वारंवार होता.

स्कायरिम हा एल्डर स्क्रोल्समधील पाचवा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी संगणक व दोन्ही कन्सोल यांवर एकाच दिवशी निघाला. अल्पावधीतच प्लेस्टेशन ३ वरील खेळाडूंच्या तक्रारी सुरू झाल्या : काही आठवडे खेळल्यावर चित्र अडखळू लागते आणि शेवटी पावलागणिक गोठते. ज्यांनी सर्वाधिक निष्ठेने खेळ खेळला, त्यांनाच सर्वाधिक त्रास झाला, ही या दोषाची क्रूर बाजू होय. नोव्हेंबरअखेरच्या पॅचने काही गोष्टी सुधारल्या. पण त्यातून मंत्रांपासूनचे संरक्षण निकामी झाले आणि ड्रॅगन उलटे, शेपटीकडून उडू लागले. त्याच काळात संगणकावरील आवृत्तीची तक्रार निराळी होती. ती २ गिगाबाइटपेक्षा अधिक स्मृती वापरू शकत नसल्याने बंद पडे. खेळाडूंनीच त्यावर उपाय काढला आणि डिसेंबर २०११ मध्ये तो अधिकृत झाला. शिवाय वस्तूंच्या हालचालीचे गणित चित्राच्या वेगाशी जखडलेले असल्यामुळे सेकंदाला ६० हून अधिक चित्रे दाखविणाऱ्या पडद्यांवर भांडीकुंडी आपोआप उसळत. डॉनगार्ड हा पुरवणी भाग एक्सबॉक्सवर जून २०१२ मध्ये आला, संगणकावर ऑगस्टमध्ये, तर प्लेस्टेशन ३ वर फेब्रुवारी २०१३ मध्ये. सारखीच किंमत मोजलेल्या ग्राहकांत आठ महिन्यांचे अंतर पडले. सर्वच दोष मात्र अप्रिय ठरले नाहीत. राक्षसाच्या सोट्याने खेळाडू आकाशात भिरकावला जाणे ही मूळची चूक होती. लोकांना ती आवडल्याने निर्मात्यांनी ती राहू दिली.

ग्राहक व निर्माते : इंटरनेटशी जोडलेल्या कन्सोलमुळे पॅच घरोघर पोहोचू लागला आणि जुनी सक्ती सैल झाली. खेळ सदोष असला तरी ठरल्या दिवशी विकावा व नंतर दुरुस्त करावा, हा व्यवहार रूढ झाला. परीक्षणाचे काम अशा रीतीने विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडले. या प्रवृत्तीची परिसीमा पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या संस्थेच्या सायबरपंक २०७७ या खेळात दिसली. २०२० मध्ये तीन वेळा लांबणीवर पडून तो १० डिसेंबर रोजी निघाला. सु. ८० लाख ग्राहकांनी तो आगाऊ मागविला होता. प्रकाशनापूर्वी परीक्षकांना केवळ संगणकावरील आवृत्ती देण्यात आली. २०१३ पासून विक्रीस असलेल्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या यंत्रांवर खेळ कसा चालतो, हे ग्राहकांना पैसे दिल्यावरच कळले. दाट वस्तीचे शहर मंद चकतीवरून वाचण्यास ती यंत्रे अपुरी पडत. माणसे व मोटारी उशिरा प्रकट होत, चेहरे अस्पष्ट राहत व खेळ पुनःपुन्हा बंद पडे. संगणकावर जतन-नोंद ८ मेगाबाइटच्या वर गेली की ती कायमची निकामी होई. अनेक वस्तू घडविणाऱ्या खेळाडूंची नोंद तेथे लवकर पोहोचे. ही मर्यादा डिसेंबरमध्येच काढण्यात आली, पण आधी बिघडलेल्या नोंदी परत मिळाल्या नाहीत.

संस्थेने जाहीर क्षमा मागितली. सोनीने आठवड्याभरातच हा खेळ आपल्या विक्रीकेंद्रातून काढून पैसे परत देऊ केले. तो तेथे २१ जून २०२१ रोजी परतला. इतक्या मोठ्या खेळाबाबत असे पाऊल उचलले गेल्याचे दुसरे उदाहरण नव्हते. पोलंडच्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने दुरुस्तीच्या कामावर देखरेख ठेवली आणि अमेरिकेतील भागधारकांचा दावा १८ लाख ५० हजार डॉलरांत मिटला. तरीही २० डिसेंबर २०२० पर्यंतच, परतावे वजा जाता, १ कोटी ३० लाख प्रती खपल्या होत्या. सदोष खेळ विकणे व्यापारी दृष्ट्या तोट्याचेच ठरते, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२३ मधील दुसऱ्या आवृत्तीने खेळाला बरीच प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र ती प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांना देण्यात आली नाही. ज्यांच्यामुळे दुरुस्तीची मागणी उठली, त्यांपैकी अनेकांना तिच्यासाठी नवे यंत्र घेणे भाग होते.

बेल्जियममधील लॅरियन या संस्थेने बाल्डर्स गेट ३ साठी वेगळा मार्ग धरला. कथेचा पहिला भाग अपूर्ण असल्याचे स्पष्ट सांगून ऑक्टोबर २०२० पासून तो विक्रीस ठेवला व खेळाडूंच्या वर्तनाचा अभ्यास करून ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण खेळ प्रसिद्ध केला. पहिला भाग त्यामुळे पुष्कळच निर्दोष झाला. त्याच महिन्यातील पहिल्या मोठ्या पॅचमध्ये तरीही एक हजारांहून अधिक दुरुस्त्या होत्या.

जतन : जुने खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा प्रसिद्ध करताना मूळ दोषांचे काय करावे, याबाबत एकवाक्यता नाही. फायनल फँटसीच्या नंतरच्या आवृत्त्यांत बुद्धीचा गुण कार्यक्षम करण्यात आला, तेव्हा मूळ खेळातील बळांचा तोल साहजिकच पालटला. खेळ कमीत कमी वेळात संपविण्याच्या स्पर्धांत तर दोष हेच साधन असते आणि तेथे दुरुस्त न केलेल्या मूळ आवृत्त्यांना मागणी असते. पोकेमॉनचे मूळ खेळ २७ फेब्रुवारी २०१६ रोजी निंटेंडो ३डीएस या यंत्रासाठी पुन्हा विक्रीस आले, तेव्हा सिनाबारच्या किनाऱ्यावरील मिसिंगनो होता तसाच ठेवण्यात आला. त्या यंत्राच्या विक्रीकेंद्रातील खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झाली.